नाकाडावरचा कार्बोरेटर

गुरुवारच्या बाजाराहून वर येताना बैत शमरान गावची गाडी नाकाडाच्या वळणावर बंद पडली. बंद पडणं नवीन नव्हतं. त्या दिवशी ती मागे सरकली, हे नवीन होतं.

नाकाड म्हणजे चढावरचं तिसरं वळण. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी आणि मध्ये एका गाडीपुरती दगडांची वाट. तिथे पहिला गिअर टाकताना ड्रायव्हरला पेट्रोलवरचा पाय क्षणभर उचलावाच लागतो. मुकबिलने पाय उचलला आणि इंजिन विझलं. ब्रेक पकडेपर्यंत गाडी हातभर मागे आली. मागच्या फळीवर उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ नाजी खाली उडी मारून चाकामागे दगड सरकवून मोकळा झाला. गाडी थांबली. पण तेवढ्या हातभर अंतरात हौद्यात बसलेली हमामा मावशी “देवा, सांभाळ!” असं ओरडून बाहेर उडी घेऊन बसली होती. तिचं मनगट मोडलं. साखरेची पुडी दरीत गेली ती वेगळी.

शुक्रवारी नमाजानंतर मशिदीच्या अंगणात म्हातारी मंडळी बसली. फार वेळ लागला नाही. पुढच्या गुरुवारी गाडी भरल्या मालानिशी नाकाड चढून वर आली तर गावाची फेरी मुकबिल आणि नाजीकडेच राहील. नाही आली तर शेजारच्या बैत दुबैश गावच्या काइदची गाडी लावायची. काइदला तसा निरोपही गेला.

आमच्या डोंगरात एका वाटेवर एकच गाडी चालते. फेरी एकदा हातची गेली की परत येत नाही, कारण नवा माणूस चार घरांत पोरी देतो-घेतो आणि मग तो घरचा होतो. दोन भावांची दोन घरं त्या एका गाडीवर चालत होती. बापाने ती घेतली तेव्हा तिच्यासाठी वाट नव्हती. त्याने गावाकडून वाट फोडून घेतली. बाप गेल्यावर गाडी दोघांची झाली. चालवायची मुकबिलने, मागे उभं राहायचं नाजीने. नाजी जेद्दाला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात होता. नव्वद साली तिकडच्या सरकारने आपल्या लोकांना देशाबाहेर काढलं, त्यात तोही एक पेटी घेऊन परत आला.

शनिवारी शौकी मिस्त्री खालून गाढवावर बसून आला.

“ज्या गावात मेकॅनिकला गाढवावर यावं लागतं,” तो उतरता उतरता म्हणाला, “त्या गावाने गाढवंच पाळावीत.”

त्याने बॉनेट उघडलं, कार्बोरेटर काढला, अंगणातल्या रिकाम्या पोत्यावर ठेवला आणि हात पुसत बसला. वाटीच्या तळाशी लाल गाळ होता. पॅकिंग कोरडं पडून भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं.

“हा गेलाय,” नाजी म्हणाला. “नवा आणायचा. सना शहरात मिळतो, डब्यात बंद. बसवायचा आणि विसरायचं. जेद्दाला असले जुने कोणी उघडतसुद्धा नाही, थेट भंगारात.”

“जेद्दाला नाकाड आहे का?” मुकबिलने विचारलं.

“नाकाडाचा काय संबंध?”

“हा खोलायचा, धुवायचा, नव्या पॅकिंगचं किट टाकायचं. बाबांनी तीनदा केलंय. माझ्यासमोर.”

“आणि तीनदा परत बिघडलाय. तुझ्याचसमोर.”

शौकीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला दोघांच्याही घरी जेवायचं होतं. “खोलला तर चालेल,” तो म्हणाला. “नवा टाकला तरी चालेल. दोन्ही चालतात आणि दोन्ही फसवतात. मालक दोन आहेत, मिस्त्री एक आहे. तुम्ही ठरवा, मी चहा पितो.”

ठरलं नाही. शेजारचे दोघेतिघे भिंतीपाशी येऊन उभे राहिले आणि मग तर ते ठरणं शक्यच नव्हतं. आवाज चढले. नाजी म्हणाला की दादाला गाडी येत नाही, त्याला बाबांची सीट तेवढी गरम ठेवता येते. मुकबिल म्हणाला की ज्याला दुसऱ्याच्या देशाने कचऱ्यासारखं बाहेर फेकलं त्याने घरातल्या वस्तू बाहेर फेकायची भाषा करू नये.

भिंतीपाशी कोणीतरी “च्यक्” केलं. 

नाजीने कमरेचा जंबिया म्यानासकट काढला. “हाज दग्सानकडे चल,” तो म्हणाला.

मुकबिलनेही आपला काढला.

जंबिया काढून एखाद्याच्या पुढ्यात ठेवला की वाद त्याच्या हवाली झाला. तो सांगेल तो निकाल. निकाल पाळेपर्यंत जंबिया परत नाही. पाण्याच्या पाळीसाठी लोक असं करतात, बांधासाठी करतात, रक्त सांडलं तर करतात. कार्बोरेटरसाठी कोणी केलेलं ऐकिवात नव्हतं. पण रागात काढलेली वस्तू चारचौघांसमोर परत कमरेला लावता येत नाही.

गावचे तंटे सोडवणाऱ्या हाज दग्सानच्या माडीवर दुपारी गातची, म्हणजे नशेची पानं चघळायची, बैठक असते. गालात कोवळी पानं भरून माणसं भिंतीला टेकलेली होती. दोन जंबिये समोर आले तेव्हा हाजने आधी दोघांच्या हातांकडे पाहिलं, रक्त आहे का म्हणून. ग्रीस होतं.

“काय झालं?”

नाजीने फडक्यात बांधलेला कार्बोरेटर गालिच्यावर ठेवला. हाजने तो वजन करत उलटासुलटा केला.

“हे काय करतं?”

“पेट्रोल आणि हवा मिसळतं, हाज. इंजिनला पाजतं.”

“म्हणजे पितं आणि हवा खातं.”

“हो.”

“आणि काम?”

“आता करत नाही.”

“असे दोन माझ्या घरात आहेत,” हाज म्हणाला. “त्यांना बदलायचं का दुरुस्त करायचं हे मला वीस वर्षांत ठरवता आलं नाही.” माडी हसली. त्याचे दोन्ही मुलगे दाराशी बसले होते. तेही हसले, जरा उशिरा.

मग त्याने रीतीप्रमाणे ऐकून घेतलं. आधी मोठ्याचं म्हणणं, मग धाकट्याचं उत्तर, मग धाकट्याचं म्हणणं, मग मोठ्याचं उत्तर. शब्द कोणी काय वापरले तेही भिंतीपाशी उभ्या असलेल्यांकडून काढून घेतलं. संध्याकाळची बांग व्हायला आली तेव्हा त्याने पानांचा चोथा थुंकला आणि तोंड धुतलं.

“या पितळेतलं मला काही कळत नाही,” तो म्हणाला. “पण तुमच्यातलं कळतं. मुकबिल, तू नवा आणशील. तू स्वतः बसवशील, तुझ्या हाताने. नाजी, तू हा जुना खोलशील आणि नीट करशील, तुझ्या हाताने. मग दोन्ही चढावर बघा. भावाचं काम असं करायचं की त्याला बोट ठेवायला जागा राहू नये. मुद्दाम कोणी खोट ठेवली तर त्याचा जंबिया माझ्या खुंटीवर राहील आणि लोक येता-जाता विचारतील, हा कोणाचा?”

“हाज,” मुकबिल म्हणाला, “मला नवा नकोय.”

“म्हणूनच.”

दुसऱ्या दिवशी मुकबिल पायी खाली उतरला आणि बाजारातून भाड्याच्या गाडीत बसून सनाला गेला. कमरेला रिकामा पट्टा होता. नाक्यावरच्या शिपायाने विचारलंच, “चाचा, जंबिया कुठे?” तो म्हणाला, “दुरुस्तीला.” गाडीतले सगळे हसले आणि शेजारच्याने त्याला भाजलेले शेंगदाणे दिले.

दुकानदाराने डबा पुढे केला. आतला कार्बोरेटर पिवळाधमक होता, तेलाचा थेंब न लागलेला. मुकबिलने तो कानाजवळ नेऊन हलवला, झडपेची दांडी बोटांनी फिरवली. दांडी घट्ट होती, भोकात कुठेही डुलत नव्हती. त्याला ते आवडलं आणि आवडल्याचा राग आला.

इकडे नाजीने अंगणात पातेलं मांडलं. कार्बोरेटर पेट्रोलमध्ये भिजवला, नंतर लिंबाच्या रसात. किट शौकीने पाठवलं होतं, पण त्यातलं एक पॅकिंग छोटं निघालं. मग त्याने बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा कात्रीने कापला आणि तेलात बुडवून वाळत घातला. त्याच्या भावजयीने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो थंड झाला.

दुकानात त्याने हजारो कार्बोरेटर डब्यात पाहिले होते. उघडा पहिल्यांदाच पाहत होता. एकेक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पितळी स्क्रू, काढून तो उजेडाकडे धरत होता. मुख्य जेटमधून उजेड फारच बारीक येत होता. आधी त्याला वाटलं घाण आहे. त्याने फुंकलं, तार घातली, तार शिरेना. मग नीट पाहिलं. कोणीतरी पितळेच्या भोकात शिसं भरून ते बंद केलं होतं आणि मग मधोमध नवं भोक पाडलं होतं, सुईएवढं. कडेला खरवडल्याच्या खुणा होत्या. एकदा पाडून बंद केलेलं, परत पाडलेलं, परत बंद केलेलं.

“वहिनी,” त्याने हाक मारली. “हे बाबांनी केलंय?”

ती कोंबड्यांना दाणे टाकत होती. “माझी गोधडी शिवायची सुई नेली होती त्यांनी,” ती म्हणाली. “परत आणली ती बोथट. वर हवा पातळ आहे म्हणे, गाडीला खाली लागतं तेवढं पेट्रोल इथे लागत नाही. सारखे वर-खाली जायचे. गावाला वाटायचं म्हाताऱ्याला फिरायचा नाद लागलाय.”

नाजीने तो जेट हातात धरला. बापाच्या मातीला तो नव्हता. जेद्दाहून येईपर्यंत सगळं उरकलं होतं. त्याने जेट परत जागेवर फिरवला, हळू, आटे चुकू न देता.

शेवटी थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, दांडी राहिली. त्याने ती चिमटीत धरून हलवली. ती डुलली. भोक वर्षानुवर्षं घासून अंड्यासारखं लांबट झालं होतं. तिथून फुकटची हवा आत जात होती, आणि पाय उचलला की इंजिनला नुसती हवाच मिळत होती. किटमध्ये याला औषध नव्हतं. सनाला लेथवर भोकात बुश, म्हणजे पितळी नळी, घालून मिळालं असतं, पण गुरुवारच्या आत नाही. त्याने दांडीला जाड ग्रीस भरलं. हलवलं तर आता डुलणं हाताला लागत नव्हतं.  मग त्याने ग्रीस पुसून काढलं.

मंगळवारी चढावर बघायचं ठरलं. हौद्यात माणसं नव्हती, दगड भरले होते. शौकी पुन्हा गाढवावरून आला. गाढवाबद्दल या वेळी तो काही बोलला नाही. त्याला ते आवडायला लागलं असावं.

आधी नवा. मुकबिलने तो स्वतः बसवला होता, प्रत्येक बोल्ट दोनदा आवळून. खालच्या सपाटीवर गाडी मांजरासारखी गुरगुरत होती. पाय उचलला तरी आवाज तोच, मंद आणि सरळ. नाजीने मोठ्या भावाकडे पाहिलं. मोठ्या भावाने रस्त्याकडे. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणापासून मागून काळा धूर निघायला लागला. नाकाडाच्या अलीकडे इंजिन गुदमरलं. पाय दाबला की आणखी गुदमरायचं. गाडी रडतखडत, आचके देत वर पोचली.

“बघितलंस?” मुकबिल म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता.

मग जुना. नाजीने बसवला. गाडी नाकाडावर अशी चढली की दगड हौद्यात नाचायला लागले. धूर नाही, आचका नाही. नाजी फळीवरून ओरडला, “दादा, बघ! बघ कशी ओढतेय!”

मुकबिलने नाकाडावर गिअरसाठी पाय उचलला. इंजिन विझलं. नाजीचा दगड आधीच चाकामागे होता.

दोघे खाली उतरले आणि नाकाडावर गाढव धरून थांबलेल्या शौकीजवळ वाटेच्या कडेला बसले. 

“पाय पूर्ण उचलायचाच नाही,” नाजी म्हणाला. “टाचेने ब्रेक, चवड्याने रेस. बाबा तसंच करायचे.”

“आणि माझा पाय एखाद दिवशी घसरला तर?”

“मग तू म्हणत होतास की हाच ठेवायचा!”

“म्हणत होतो.” मुकबिलने शौकीकडे पाहिलं. “नव्याला काय झालंय तुला माहितेय.”

“मला काय माहीत,” शौकी म्हणाला आणि गाढवाच्या पाठीवरचं फडकं नीट करायला लागला.

“नवा समुद्राकाठच्या हवेसाठी बनवलाय,” मुकबिल म्हणाला. “इथे जास्त पितो. दांडी घट्ट आहे, मंद चालतो, पाय उचलला तरी मरत नाही. त्याला फक्त जेट बारीक पाहिजे. बाबांचे जेट यातून काढायचे आणि त्यात घालायचे.”

आता नाजी उठून उभा राहिला. “मी तो अख्खा खोललाय. धुतलाय. पुठ्ठे कापलेत. तू आता त्याचं आतडं काढून घेणार?”

“तूच म्हणालास भंगारात टाका.”

“ते उघडायच्या आधी! तुला माहितेय का त्या भोकात त्यांनी काय काय केलंय? कितीदा पाडलंय?”

“मी दिवा धरून उभा असायचो, नाजी.”

“मग तुला कसं सुचतं हे?”

“मला नाकाडावर बंद न पडणारी गाडी पाहिजे. दुसरं मला काही नकोय.”

“आणि मी म्हणतो, लेथवर पाठवू. पंधरा दिवस थांबू.”

“काइद थांबणार आहे का?”

शौकी गाढवावर बसला. “मी सकाळी येतो तेव्हा एक भांडण असतं,” तो म्हणाला, “संध्याकाळी जातो तेव्हा तेच असतं, फक्त माणसं जागा बदलून बसलेली असतात.” आणि तो गेला.

हाज दग्सानच्या माडीवर दोघे पुन्हा गेले. ठेवायला जंबिये नव्हते. ते आधीच खुंटीवर होते. या वेळी नाजी जुन्यासाठी बोलला आणि मुकबिल नव्यासाठी. हाजने पहिल्या काही वाक्यांनंतर पान चघळायचं थांबवलं.

“थांबा. शनिवारी जुना कोणाला हवा होता?”

“मला,” मुकबिल म्हणाला.

“आणि आता?”

“याला.”

माडीवर हसू फुटलं, पण हाज हसला नाही. त्याने बोटाने गालातला चोथा बाहेर काढला आणि थुंकदाणीत टाकला.

“चूक माझी आहे,” तो म्हणाला. “तुम्ही माझ्यासमोर जंबिये टाकलेत आणि मी ते घेतले. कशासाठी? दोन शब्दांसाठी. तू सीट म्हणालास, तो कचरा म्हणाला. भाऊ आहात, असले शब्द जेवताना मीठ मागावं तसे निघतात. पण ज्या दिवशी तुमच्या गाडीतून पडून एका बाईचं मनगट मोडलं, त्या दिवशी कोणी जंबिया काढला? तिच्या दारात कोण गेलं?”



“हाड बसवायला वैद्य मी पाठवला होता,” मुकबिल म्हणाला.

“वैद्य पाठवला. तू गेलास का?”

मुकबिल गेला नव्हता. नाजीही गेला नव्हता. मनगट किरकोळ वाटलं, हमामा मावशी गरीब, विधवा, आडवं न बोलणारी, आणि त्यांना आपापसात इतकं काम होतं. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं: गाडीखाली कोणाचं कोंबडं आलं तरी आधी त्या दारात जाऊन शस्त्र ठेवायचं, मग बाकीचं बोलायचं.

हाजने दोन्ही जंबिये खुंटीवरून काढून त्यांच्या मांडीवर टाकले. “हा दावा तिचा आहे. तिच्याकडे जा. जुना का नवा तेही तिलाच विचारा. बसणार ती आहे.”

हमामा मावशी चुलीपुढे बसून एका हाताने पीठ मळत होती. दुसरा हात फळकुटांत बांधून छातीशी लटकवलेला. दोघांनी दारातच जंबिये काढून तिच्यासमोर जमिनीवर ठेवले.

ती त्याकडे पाहत राहिली. “हे कशाला? मला बोकड कापायचा नाहीये.”

“मावशी, तुझा आमच्यावर जो दावा असेल तो,” मुकबिल म्हणाला.

“आज आठवलं होय रे?” ती मळत राहिली. “मनगट मोडलं माझं आणि भांडण झालं तुमचं. सगळा गाव मला येऊन सांगतोय, हाजकडे काय झालं, नाजी काय म्हणाला, मुकबिल काय म्हणाला. मला कोणी विचारलं नाही, हमामा, तू पीठ कसं मळतेस.”

“चुकलं,” नाजी म्हणाला.

“चुकलंच.”

पिठाचा गोळा झाकून तिने हात पुसला. “उचला ते. माझी पोरं असती तर तुमच्याच वयाची असती आणि एवढीच शहाणी निघाली असती. पण एक अट आहे. गुरुवारी मी तुमच्याच गाडीने वर येणार. मागे हौद्यात, त्याच जागी. नाकाडावर गाडी थांबवायची. पाय उचलायचा. मी सांगेपर्यंत थांबायचं. मग चालवायची.”

“भरली गाडी नाकाडावर मुद्दाम कोणी थांबवत नाही, मावशी.”

“मागच्या खेपेला थांबवलीसच की.”

“ती थांबली. मी थांबवली नाही.”

“तेच बघायचंय,” ती म्हणाली. “ती तुझं ऐकते की तू तिचं.”

दोघे बाहेर आले. आपल्या अंगणात पोचले. मग नाजी आत गेला, जुना कार्बोरेटर घेऊन आला आणि पायरीवर बसून पाना लावला. पहिला जेट सैल होताना किंचित कुरकुरला. त्याने तो भावाच्या तळहातावर ठेवला.

“पाडू नकोस,” तो म्हणाला. “दुसरा नाही कुठे.”

“दिवा आणू?”

“उजेड आहे अजून.”

मुकबिलने नवा उघडला. आटे जुळले. त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी ते दोघे रिकामी गाडी घेऊन वर-खाली जात राहिले. गावातल्या बायका म्हणाल्या, बापाचा नाद पोरांना लागला.

गुरुवारी बाजार संपला तेव्हा काइदची गाडी छत्रीसारख्या पसरलेल्या एका जुन्या बाभळीखाली उभी होती. काइद सभ्य माणूस. तो कोणाला हाका मारत नव्हता, नुसता गाडी पुसत होता. बैत शमरानची माणसं दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभी राहिली आणि मग कोणत्याच गाडीत बसली नाहीत. माल गाढवांवर लादून, डोक्यावर घेऊन ती चढाला लागली. बघू, वरून दिसेलच, असं म्हणत.

मुकबिलच्या हौद्यात मदरशाच्या भिंतीसाठी सिमेंटची पोती भरली होती, चाकांवरचे लोखंडी पाटे वाकतील एवढी.

“सिमेंटला भीती वाटत नाही, बरं आहे,” नाजी म्हणाला.

हमामा मावशी रिकामी टोपली घेऊन आली. अंडी सगळी विकली गेली होती. नाजीने तिला वर घेतलं. ती त्याच कोपऱ्यात, पोत्यांच्या आणि फळीच्या मध्ये बसली आणि बांधलेला हात मांडीवर ठेवला.

पहिलं वळण गेलं. चालणारी माणसं कड्याला टेकून वाट देत होती. दुसरं गेलं. धूर दिसत नव्हता. नाकाडाच्या तोंडाशी मुकबिलने ब्रेक दाबला. गाडी आपल्या सगळ्या वजनानिशी थांबली, पाटे कण्हले. नाजीने खाली उडी मारली आणि चाकामागे वाकला.

मुकबिलने पेट्रोलवरचा पाय उचलला.

इंजिन मंद झालं. आणखी मंद. एकदा कच खाल्ल्यासारखा आवाज आला.  मग आवाज सावरला आणि एका लयीत चालू राहिला. खाली दरीत कुठेतरी कोणी गुरांना हाका मारत होतं, तेसुद्धा ऐकू येत होतं.

“झालं का, मावशी?” मुकबिलने खिडकीतून विचारलं.

“तुला घाई आहे?”

“नाही.”

“मलाही नाही.”

गाडी उभी राहिली. मागून चालत येणारी माणसं तिच्याजवळ पोचली आणि तीही थांबली. गाढवं थांबली. कोणीतरी खाली वाकून धुराची नळी बघितली. मावशी डोळे मिटून बसली होती, आणि तिचा मोकळा हात लोखंडी पत्र्यावर पसरलेला होता, ताप बघताना कपाळावर ठेवतात तसा. खालचा थरथराट तिच्या बांगड्यांपर्यंत येत होता.

“चल,” ती म्हणाली.

पहिला गिअर पडला. दगडांवर चाक एकदा फिरलं, मग पकडलं आणि गाडी नाकाड ओलांडून वर निघाली, बैलाच्या चालीने, न थांबता. नाजी पळत येऊन फळीवर चढला.

“ए, थांब!” खांद्यावर गॅसची टाकी घेतलेला एक माणूस मागून ओरडला.

“चढावर थांबत नाही!” मुकबिलने आरशात बघत उत्तर दिलं.

“आत्ता थांबलास ना!”

“ते मावशीसाठी!”

“मग मी कोण, काइदचा मेहुणा?” तो माणूस पळायला लागला. नाजीने वाकून टाकी वर ओढली. मग पिठाचं एक पोतं आलं, मग कांद्यांची टोपली, मग कोणाची तरी चप्पल आणि तिच्यामागे तिचा मालक. गाडी जड झाली, आवाज खाली गेला, पण चालत राहिली.

“सरकून बसा,” हमामा मावशी म्हणाली. “इथे माझा हात आहे.”